दुपारची लय

सायकल घरात आली त्या दिवशी शालनआक्कानं पहिला प्रश्न विचारला, "ह्येचा आवाज कुठं हाय?"

कंपनीचा निनाद गोड हसला. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात ओळखपत्र, जिभेवर साखर. "आवाज नाहीच, आजी. तीच तर खासियत आहे."

"मग बिघडलं तर कळायचं कसं?"

"ही बिघडत नाही."

आक्कानं लेकाकडं बघितलं. "ऐकलास विरू? बिघडत न्हाई म्हणं. म्हणजे देवाघरनं आलीया. पाया पड."

विरूपाक्ष दिवटे मान खाली घालून कसनुसं हसला. वय बेचाळीस, पोट पुढे, दम मागे. त्याचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी मागांच्या शेडमध्येच छाती धरून बसले होते, ते उठले नाहीत. त्या दिवसापासून विरूला स्वतःच्या छातीचा भरवसा उरला नव्हता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर इचलकरंजीच्या धुळीचं कारण मिळालं. पळायला सांगितलं, तर गुडघ्याचं. शेवटी त्यानं ही घरी बसवायची सायकल पंधरा दिवस वापरून बघायला मागवली. पटली तर ठेवायची, साडेतीन लाख मोजायचे.

"साडेतीन लाखाची सायकल," आक्का म्हणाली, "आणि जाग्यावरनं हलत न्हाई."

आक्काची शाळा चौथीतच संपली होती. पण नवऱ्यामागं चार मागांचे आठ तिनं केले होते, आणि यंत्राच्या बाबतीत तिचा एक नेम होता. नवा माग आला की आधी रिकामा चालवून ऐकायचा. मग घरातल्या थोरल्या बाईनं तो स्वतः चालवायचा. मगच त्याच्यावर सूत चढवायचं. आता शेडमधले माग आपोआप चालायचे, धागा तुटला की विरूच्या मनगटावरच्या घड्याळात टकटक व्हायची. पण टकटक व्हायच्या आधीच आक्काची मान त्या मागाकडं वळलेली असायची, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू द्यायची नाही.

निनादनं समजावून सांगितलं. माणूस पेडल मारतो तेव्हा दोन्ही पाय सारखे चालतात असं त्याला वाटतं, पण तसं कधीच नसतं. एक पाय जरा लवकर दाबतो, दुसरा जरा उशिरा सोडतो. या सायकलीच्या पेडलमध्ये केसाएवढ्या बारीक पट्ट्या होत्या, त्या सेकंदाला हजार वेळा पायाचा दाब मोजायच्या. सीटमधून हृदयाचे ठोके कळायचे. या सगळ्यातून माणसाची एक लय तयार व्हायची. लाखो लोकांच्या लयी कंपनीकडं जमा होत्या. त्यातले पुढं कोण कशानं आजारी पडले तेही नोंदलेलं होतं. त्यामुळं एखाद्याची लय बिघडू लागली, की ती कुठल्या रस्त्यानं चाललीय हे सायकलीला कित्येक वर्षं आधी कळायचं. शिवाय आत एक मोटार होती. पाय मंदावले की ती त्यांना ओढून न्यायची.

आक्का तोंडानं 'हूं' म्हणाली, पण कान देऊन ऐकत होती. बिघडायच्या आधी आवाज बदलतो, हे तर ती चाळीस वर्षं सांगत आली होती. मागांबद्दल. माणसांबद्दल तिनं तसा विचार केला नव्हता.

निनादनं दोन मनगटपट्ट्या काढल्या. निळी विरूची, तांबडी त्याच्या बायकोची, राजश्रीची. जो बसेल त्यानं आपली पट्टी बांधायची, म्हणजे सायकलीला माणूस कळतो. तिसरी पट्टी त्यानं आक्कापुढं धरली.

"माझं नाव त्येच्यात घालायचं न्हाई," आक्का म्हणाली. "मी काय खाती, कवा झोपती, माझं काळीज कसं वाजतं, ह्ये तुझ्या पुण्याच्या सायबाला कशाला पायजे? माझ्या सख्ख्या जावंला मी सांगत न्हाई."

राजश्रीनं पदराआड हसू लपवलं. शेडचं सगळं कामकाज तीच बघायची. सूत कुणाकडून घ्यायचं, कापड कुणाला द्यायचं, कामगारांच्या पाळ्या. बोलायची कमी. आक्काचं त्यावर म्हणणं असं, की आवाज न करणारं यंत्र आणि उलट न बोलणारी सून, दोघांवर डोळा ठेवावा लागतो.

तीन दिवस आक्कानं सायकलीला शिव्या घातल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून घातल्या. चौथ्या दिवशी दुपारी अडीचला विरू बँकेत होता, राजश्री शेडमध्ये. आक्कानं दाराला आतून कडी घातली.

कारण सरळ होतं. या घरात आलेलं एकही यंत्र तिनं स्वतः चालवल्याशिवाय राहिलं नव्हतं. मिक्सरसुद्धा नाही. आणि हे चार दिवस झाले नुसतं कोपऱ्यात उभं राहून तिला वाकुल्या दाखवत होतं. तिनं निऱ्या वर खोचल्या. हँडलला दोन्ही पट्ट्या लटकत होत्या, निळी लेकाची म्हणून नको वाटली, तांबडी बांधली.

"नमस्कार, राजश्री," पडदा मऊ आवाजात म्हणाला. "आज दुपारी वेळ मिळाला का?"

"गप बस आणि चाल," आक्का म्हणाली.

पाय फिरू लागले. पडद्यावर आंबोलीचा घाट आला, झाडं मागं सरू लागली. आक्का आयुष्यात सायकलवर बसली नव्हती. तिच्या लहानपणी पोरींना सायकल शिकवत नसत, आणि लग्नानंतर शिकायला कुणाला वेळ होता. दहा मिनिटांनी तिनं पट्टी जागच्या जागी लटकवली, तोंड धुतलं, कडी काढली, आणि संध्याकाळी विरूला म्हणाली, "ह्यो लोखंडाचा घोडा परत कवा जाणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशीही, मग रोजच. तेवढं एकच खटकलं. डाव्या पायातली चप्पल पेडलवरून सुटायची. तशी ती हल्ली चालतानाही सुटायची. अंगठा ढिला शिवलाय म्हणून आक्कानं चप्पलवाल्याला गेल्या महिन्यातच चार शब्द ऐकवले होते.

दहाव्या दिवशी सकाळी विरूच्या फोनवर सायकलीचा अहवाल आला.

त्यानं मोठ्यानं वाचलं. राजश्री विरूपाक्ष दिवटे. सकाळची लय उत्तम. दुपारच्या लयीत डावा पाय सातत्यानं मागे. टाचेत बारीक थरथर, डोळ्याला न दिसणारी. कंपवाताची सुरुवात असण्याची शक्यता शंभरात ब्याऐंशी. मेंदूच्या डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

राजश्रीच्या हातात पिठाचा गोळा तसाच राहिला. तिनं एकदा विरूकडं बघितलं, मग आक्काकडं. आक्कानं नजर भाकरीच्या तव्याकडं वळवली.

"तवा करपालाय," ती म्हणाली.

दुपार कुणाची, हे या घरात एकाच माणसाला ठाऊक आहे असं आक्काला वाटत होतं. ती देवघरात जाऊन चौडेश्वरीच्या तसबिरीपुढं बसली. पहिला विचार आला तो शंकेचा, आणि त्या विचारात जरा ऊब होती. ही कंपनीची चाल. पंधरा दिवस फुकट द्यायचं, दहाव्या दिवशी भ्या घालायचं, पंधराव्या दिवशी सही घ्यायची. साधं गणित.

आणि खरंच, तासाभरात निनादचा फोन आलाच. घाबरू नका, आपल्या सायकलीतली मोटार याच आजारावर गुणकारी आहे, पाय ओढून नेते, फक्त यासाठीचं वेगळं पॅकेज घ्यावं लागेल.

"बघ," आक्का विरूला म्हणाली. "रोग बी ह्यानंच सांगायचा, औषध बी ह्यानंच विकायचं. आरं, असा वैद्य गावात आला असता तर धोंडे मारून हाकलला असता."

"आई, ब्याऐंशी टक्के म्हणालंय ते!" विरूचे डोळे भरले होते. "मी सायकल घेणार. पॅकेजसकट. आणि राजश्री, तू शेडमध्ये जायचं नाहीस आजपासून. मागात हात गेला तर?"

"माझे हात ठीक आहेत," राजश्री म्हणाली.

"जायचं नाही म्हणजे नाही."

राजश्रीनं वाद घातला नाही. तिनं मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली, सोळाव्या दिवशी सकाळची. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आक्का, तुम्ही याल ना माझ्यासोबत?"

"मी येऊन काय करू? मला काय कळतंय डॉक्टरचं," आक्का म्हणाली. पण शब्द बाहेर पडताना तिचे तिलाच पोकळ वाटले.

एक वाक्य बोलायचं होतं. 'दुपारी मी बसत होते.' पण त्या वाक्यामागं दुसरं उभं होतं. मग थरथर माझी. मग मागात हात गेला तर, म्हणून शेडमधून मी बाहेर. मग उरलेले दोन जुने माग, जे फक्त तिच्या हट्टापायी चालत होते, ते भंगारात. आणि त्याच्याही मागं सगळ्यात लाजिरवाणं, की गावभर जिला शिव्या घातल्या तिच्यावर म्हातारी कडी लावून बसत होती. आक्कानं ते वाक्य गिळलं. सायकलच खोटी ठरली तर बोलायची गरजच नव्हती.

म्हणून तिनं दस्तगीर मिस्त्रीला बोलावलं.

दस्तगीर मागांचे सुटे भाग घडवायचा, वेल्डिंग करायचा. विशीत असताना सूत गुंडाळलेला जड बीम त्याच्या डाव्या पायावर पडला होता. पण पुढं तो असा चालायला शिकला, की त्याच्या सासरच्यांनाही लंगडणं कळलं नव्हतं. हे गुपित फक्त आक्काला ठाऊक होतं, कारण त्या वेळी बीम तिच्याच शेडमधला होता.

"बस," आक्कानं विरूची निळी पट्टी त्याच्या मनगटाला बांधली.

"आक्का, या वयात मला घोड्यावर बसवता? निकाह झालाय माझा."

"दात काढू नगंस. मार पाय."

दस्तगीरनं पाच मिनिटं पाय मारले. मऊ आवाज म्हणाला, "विरूपाक्ष, आज लय वेगळी आहे. डाव्या नडगीत जुनी मोडलेली जागा जाणवते. उजवा पाय तिचा भार घेतो. जपून."

दस्तगीर टुणकन खाली उतरला. "या अल्ला. हिला कुणी सांगितलं?"

आक्का उत्तर द्यायला उभी राहिली आणि तिच्या डाव्या पायातली चप्पल सुटली. तिनं खाली बघितलं. अंगठा ढिला नव्हता. चांगला घट्ट होता. तिनं पायाची बोटं आवळून बघितली. उजवी आवळली. डावी आवळायला जरा उशीर झाला.

सायकल खोटी नव्हती.

बाराव्या दिवसापासून फोन सुरू झाले. राजश्रीच्या फोनवर अनोळखी बायका मायेनं बोलायच्या. थरथरीवर काढा आहे. न सांडणारा कप आहे. चौदाव्या दिवशी विमा कंपनीचं पत्र आलं, राजश्रीच्या आरोग्य विम्याचा 'फेरविचार' चालू आहे म्हणून. अजून एकाही डॉक्टरनं तिच्या अंगाला हात लावला नव्हता.

राजश्रीनं ते पत्र वाचलं, घडी घालून डब्याखाली ठेवलं. ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. खांदे हलले नाहीत, आवाज आला नाही. आक्का दारातून बघत होती. एवढी वर्षं मागांचं ऐकणारी बाई, तिला त्या गप्प पाठीचं ऐकू आलं.

पंधराव्या दिवशी दुपारी निनाद कागद घेऊन आला. विरूनं पेन काढलं.

"एक सांगून ठेवतो सर," निनाद म्हणाला. "घरातल्या सगळ्यांची लय कायम आमच्याकडे राहू द्यायला संमती दिलीत, तर चाळीस हजार कमी होतील."

"थांब," आक्का म्हणाली.

तिनं पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेतल्या, हँडलची तांबडी पट्टी मनगटाला बांधली. विरू 'आई, हे काय' म्हणेपर्यंत ती सीटवर चढून बसली होती, रोजच्या सवयीनं, एका झटक्यात.

"नमस्कार, राजश्री," सायकल म्हणाली. "दुपारची लय सुरू. डावा पाय मागे आहे."

घरात फक्त पेडल फिरत होते. ते तरी कुठं वाजत होते.

"आई," विरूनं पेन खाली ठेवलं.

"आई काय आई? मीच ती दुपारची." आक्का पाय मारत राहिली, समोरच्या घाटाकडं बघत. लेकाकडं बघून हे बोलणं तिला जमलं नसतं. "पोरीला काय झाल्यालं न्हाई. तिला शेडमध्ये जाऊ दे. जे झालंय ते मला झालंय. आणि ह्या लोखंडाला मी शिव्या घातल्या त्या मागं घेती. ह्ये खरं बोलतंय. पर ह्येचा मालक..." ती निनादकडं वळली. "काय रं, दोन माणसं बसत्यात ह्ये तुझ्या यंत्राला कळलं न्हाई? दस्तगीरचा तीस वर्सांमागचा पाय कळला की त्येला."

निनादनं कागद चाळले. "कळतं, आजी. पण आमच्या नियमात एका पट्टीला एकच ग्राहक धरतात."

"का?"

"तसा नियम आहे."

"आणि त्यो नियमानं धरल्याला ग्राहक इमा कंपनीला कुणी सांगितला? काढा इकणाऱ्या बायकांना कुणी सांगितला?"

"वापरून बघताना संमती दिली होती सरांनी. बारीक अक्षरात—"

"मला ठळक बी वाचाय येत न्हाई नीट," आक्का खाली उतरली. "पर एवढं कळतंय. माझ्या घरातलं दुखणं घरच्यांच्या आधी बाजारात गेलं. यंत्र इमानदार आसंल बाबा. कंपनी इमानदार न्हाई तुमची. उचल ह्ये. आणि त्या रोगाच्या कागदावर पोरीचं नाव हाय ते खोडून, ती निरोगी हाय असं लेखी आणून दे. आणलं न्हाईस, तर तुझ्या हापिसाच्या दारात बसंन. मला कामधंदा न्हाई आता, मी आजारी बाई हाय."

निनाद सायकल घेऊन गेला. लेखी कागद चार दिवसांनी आला.

सोळाव्या दिवशी सकाळी मिरजेच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती. पुढं विरू होता, मागच्या सीटवर सासू-सून खिडक्यांतून दोन बाजूंना बघत होत्या.

"तुला कवा कळलं?" आक्कानं शेवटी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. माझी पट्टी तिसऱ्या भोकात असते. ती पाचव्यात होती."

"मग बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही सायकल सोडली असती आणि माझ्याशी महिनाभर बोलला नसता. मग अहवाल आला. म्हटलं, माझ्या नावानं तरी तुम्हाला मिरजेपर्यंत न्यावं. पुढचं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्या माझी नाडी बघायचं नाटक करून तुम्हाला तपासणार होत्या."

"आणि इम्याचं पत्र आलं तवा?"

"तेव्हा वाटलं, आज तरी बोलाल."

आक्कानं सुटलेली चप्पल पायानं चाचपून परत घातली.

डॉक्टरबाईंनी तपासलं, चालवून बघितलं, बोटं आपटायला लावली. मग सांगितलं. हालचालींना तेल घालणारं एक द्रव्य मेंदूत असतं, ते आटायला लागतं. हात उघड थरथरायला लागेपर्यंत निम्म्याहून जास्त आटलेलं असतं. तुमचं फार लवकर कळलंय. औषध आहे. आणि पाय फिरवत ठेवा. आपल्या मर्जीच्या वेगानं नको, त्याहून जरा जोरात, कुणीतरी ओढून नेल्यासारखे. त्यानं हालचाल मोकळी राहते असं दिसलंय. का राहते, ते आम्हालाही अजून पुरतं उमगलेलं नाही.

"म्हणजे तीच मोटारीची सायकल?" विरूनं विचारलं.

"मोटारच हवी असं नाही. ओढून नेणारं काहीही चालेल."

घरी आल्यावर आक्कानं दस्तगीरला निरोप धाडला.

आठ दिवसांनी शेडच्या दारात एक लांबलचक सायकल उभी राहिली. दोन जुन्या सायकली कापून, जोडून, एकाच साखळीत ओवलेल्या. दोन सीटा, पेडलच्या दोन जोड्या. पुढचे पाय फिरले की मागच्यांनी फिरायचंच, त्याच वेगानं. पुढं राजश्री बसायची, मागं आक्का. मागच्या माणसाला फक्त धरायला दांडा.

"माझा ब्रेक कुठाय?" आक्कानं पहिल्यांदा बसताना विचारलं. "ब्रेक न्हाई तर मी बसत न्हाई. ही पोरगी मला पंचगंगेत नेऊन घालंल."

दस्तगीरनं डोकं खाजवलं, सायकल परत नेली, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या दांड्याला चकचकीत ब्रेक लावून आणली.

रोज सकाळी सहाला दोघी निघायच्या. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या, आणि आक्का ताठ मानेनं, पदर कमरेला खोचून, चपलेऐवजी विरूचे जुने बूट घालून, त्यांच्यासमोरून जायची. "बघता काय," ती ओरडायची, "सुनंनं पळवून नेलीया!" राजश्री पुढून वेग वाढवायची. आक्का ब्रेक दाबायची आणि हळू चाल म्हणून शिव्या द्यायची. राजश्री हळू चालवायची नाही.

महिन्याभरानं एका सकाळी परतल्यावर आक्का दस्तगीरच्या दुकानापुढं उतरली.

"ह्यो माझा ब्रेक काढून टाक."

दस्तगीर गडबडला. "का आक्का? चालत नाही का?"

"चालंल कसा? आतली तार कुठंच जोडल्याली न्हाई. पहिल्या दिवशी दाबला तवाच आवाजावरनं कळलं मला." तिनं राजश्रीकडं बघितलं. राजश्री रस्त्याकडं बघत होती, कान लाल झाले होते. "महिना झाला, रिकामा दांडा दाबून दाबून हात दुखाय लागला. काढ त्यो."

दस्तगीरनं पाना घेतला.

"आणि तिथं घंटी बसव," आक्का म्हणाली. "मोठी, पितळंची. चालवू दे तिला. पर वाजवणार मी."